पिल्लाच्या गालावरचा ठिपका

शैलजाला केर काढण्याचा पगार मिळतो, असं शंतनू मित्रमंडळीत हसत हसत सांगे, आणि नवरा असूनही तो यात फारसं खोटं बोलत नसे. क्युपर्टिनोत स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डच्या मागे, एक दातांचा दवाखाना आणि एक टॅक्स भरून देणारं ऑफिस यांच्या मधोमध तिची कंपनी होती. जुन्या सिनेमांची रिळं तिथे स्कॅन व्हायची आणि डीव्हीडीवर जाण्याआधी त्यांच्यावरची धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे कॉम्प्युटरवर पुसले जायचे. पुण्यात इमेज प्रोसेसिंग शिकलेली शैलजा दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसून लोकांच्या आजोबांच्या काळातली धूळ पुसत असे. तिला ते काम मनापासून आवडायचं.

२००५च्या उन्हाळ्यात तिच्याकडे एक कार्टून आलं. सत्तर वर्षांपूर्वीचं, सात-आठ मिनिटांचं, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे त्यातलं. जंगलातल्या जत्रेत कोल्ह्याचं एक पिल्लू आईपासून चुकतं आणि शेवटी सापडतं, एवढीच गोष्ट. पण ते पिल्लू! गुबगुबीत गाल, झुपकेदार शेपटी, बघणाऱ्याचं मन विरघळावं असे डोळे. "काय गोड आहे यार," शेजारच्या टेबलावरचा अमित म्हणाला. अमित मुंबईचा, त्याला सहसा क्रिकेटशिवाय काही गोड वाटत नसे.

त्या काळी हे सगळं हातानं होई. चित्रकार पेन्सिलीनं पिल्लाची हालचाल काढत. मग एका लांबलचक खोलीत ओळीनं बसलेल्या बायका एकेक चित्र पारदर्शक तावावर शाईनं गिरवत आणि उलट बाजूनं रंग भरत. तो ताव रंगवलेल्या देखाव्यावर ठेवायचा, फोटो घ्यायचा, की लगेच पुढचा ताव. पिल्लू बदलत राही, मागचा देखावा मात्र तोच. तंबू, झाडं, आकाश यांचं एका प्रसंगाला एकच चित्र असे. त्यात काही हलायचा प्रश्नच नव्हता.

अशा कार्टूनवर धूळ काढणारा प्रोग्राम एकटा सोडता येत नाही. बारीक आणि हलणारं जे दिसेल ते त्याला धूळच वाटतं. आधी धूळ खातो, मग मिशा खातो, मग बोटांच्या रेषा. कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. म्हणून शैलजा डोळ्यांत तेल घालून रिळाची प्रत्येक चौकट तपासायची आणि तपासताना तिला तो ठिपका सापडला.

पिल्लाच्या डाव्या गालावर एक बारीकसा काळा ठिपका होता. पिल्लू जिथे जाई तिथे जाई, पण कधी जरा वर, कधी जरा खाली, कुणी बोटाच्या टोकानं टेकवल्यासारखा. ब्रशचा थेंब सांडला असेल कुणाच्या तरी, असं ती म्हणाली. धूळ इतकी नेमानं एकाच गालावर बसत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलंही होतं थोडंसं. पण डेडलाइन डोक्यावर होती. तिनं ठिपका शोधून पुसणारा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पिल्लाचा गाल लख्ख झाला.

त्याच आठवड्यात घरीही एक ठिपका पुसला गेला. सासूबाई सहा महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या आणि चार वर्षांच्या स्वानंदीला रोज सकाळी डाव्या गालावर काजळाची तीट लावत होत्या. प्रीस्कूलच्या बाई रोज ती ओल्या टिश्यूनं पुसत. मग एकदा त्यांनी शैलजाला थांबवून, मुलीचं तोंड घरून धुऊन पाठवाल का, असं फार गोड आवाजात विचारलं. शैलजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, आता तीट नका लावू हं. इथे लोकांना ते घाण वाटतं."

"अगं, पोर देखणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "कुणाची नजर कशी असते आपल्याला काय ठाऊक?"

"आई, प्लीज."

सासूबाईंनी काजळाची डबी पर्समध्ये टाकली.

दोन-तीन दिवसांनी साफ केलेली प्रत शेवटची पाहताना शैलजा जत्रेच्या प्रसंगात अडकली. मागच्या देखाव्यात दोन झाडांच्या मधे काळोखाची एक फट होती. त्या फटीत कुणीतरी उभं होतं. उंच, राखाडी, डोकं किंचित कलतं. कार्टूनमधल्या प्रत्येक प्राण्याला काळी बाह्यरेषा होती. याला नव्हती. कडा झाडांच्या सावलीत नुसत्या मिसळून गेल्या होत्या.

तिनं मूळ स्कॅन उघडला. फट रिकामी.

साफ केलेली प्रत. उभं होतं.

"अमित, इकडे बघ जरा. हे काय आहे?"

अमितनं खुर्ची सरकवली, वाकून पाहिलं. "बॅकग्राउंड आर्ट आहे. एखादा म्हातारा असेल जत्रेतला."

"ओरिजिनलमध्ये नाहीये."

"मग तुझ्या प्रोग्रामचं काहीतरी असेल. बग म्हणून नोंदव, लंचला चल."

पण ते शक्यच नव्हतं. पुसणारा प्रोग्राम शेजारच्या चौकटीतला रंग उचलून भोकं बुजवतो. त्याला नवीन काही काढता येत नाही. जे कुठेच नव्हतं ते तो आणणार कुठून? शैलजा जेवायला गेली खरी, पण डबा तसाच परत आणला.

दुसऱ्या दिवशी ते फटीच्या बाहेर होतं. त्याच्या पुढच्या दिवशी तंबूपाशी. चित्र सुरू असताना ते जराही हलत नसे. ती घरी जाऊन परत आली की पुढे सरकलेलं असे. आणि तोंड, जे काही तोंड होतं ते, पिल्लाकडे वळलेलं.

घरी स्वानंदी जेवेनाशी झाली. ताटातला वरणभात चिवडत बसायची. दिवसभर घर डोक्यावर घेणारी पोर सोफ्याच्या कोपऱ्यात गप्प बसून अपार्टमेंटमागच्या निलगिरीच्या झाडांकडे पाहत राही. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, काही निघालं नाही. शी इज परफेक्ट, ते म्हणाले, आणि शैलजाला तो शब्द उगाच खटकला.

"काय बघतेस गं, बाळा?"

"हिम," स्वानंदी इंग्रजीत म्हणाली.

"कोण आहे तिथे?"

"ही जस्ट लुक्स अॅट मी." मग जरा विचार करून ती म्हणाली, "ही हॅज नो लाइन, मम्मा."

शैलजानं ते चित्र घरी कधी आणलं नव्हतं. ऑफिसच्या बाहेर न्यायची परवानगीच नव्हती. तिनं भर दुपारी पडदा ओढला आणि त्या कापडाला पाठ लावून उभी राहिली. शंतनूला फोन केला तर तो म्हणाला, "मुलं काहीही बोलतात गं. तू झोप नीट घे." तिनं फोन ठेवला. सांगणार तरी काय होती?

सोमवारी डीव्हीडीसोबत द्यायची एक मुलाखत तपासायला आली. त्या लांबलचक खोलीत शाई भरणाऱ्या बायकांपैकी एकच मागे उरली होती. मिसेस हॉलिस, नव्वदीच्या, पांढरेशुभ्र केस, अंगावर निळा स्वेटर. त्या ब्रशबद्दल, सुती हातमोज्यांबद्दल, उन्हाळ्यात तावावर घाम पडू नये म्हणून होणाऱ्या हालांबद्दल हसत हसत सांगत होत्या. मग प्रश्न विचारणाऱ्यानं पिल्लाचा विषय काढला.

"त्याच्या गालावर आम्ही ठिपका द्यायचो," मिसेस हॉलिस म्हणाल्या. "प्रत्येक तावावर. करंगळीनं."

"दिग्दर्शकांनी सांगितलं होतं?"

"छे! ते ओरडायचे. पण ठिपक्याशिवाय गेलेला ताव आम्ही परत मागवून घ्यायचो." त्यांचं हसू ओसरलं. "फार सुंदर झालं होतं हो ते पिल्लू. मागच्या झाडांतून त्याच्याकडे बघणं सुरू झालं होतं."

"कुणाचं बघणं?"

म्हातारीनं स्वेटरची बाही ओढून घेतली. "आमच्या रांगेतल्या एकीची मुलगी होती तीन वर्षांची," त्या म्हणाल्या. "पाणी मिळेल का मला?"

तिथे टेप कापलेली होती.

शैलजानं टेप मागे नेऊन पुन्हा ऐकली. इथे अमेरिकेत बसलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या बायकांनी करंगळीनं लावलेली तीट होती ती. आणि ती तिनं पुसली होती. जिला सगळ्या ऑफिसात एकटीला ती ओळखता आली असती, तिनं. स्वानंदीच्या गालावरचीही तिनंच बंद केली होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

तिनं साफ केलेली प्रत उघडली. ठिपके मूळ स्कॅनमधून परत आणायचे, एवढंच करायचं होतं.

तंबूपाशी कुणी नव्हतं.

ती मागे गेली. झाडांची फट रिकामी. पुढे गेली. पिल्लाजवळ नाही, पाळण्यांजवळ नाही, शेवटच्या चौकटीपर्यंत कुठेच नाही.

चित्र सोडून ते निघून गेलं होतं.

तिनं घाईघाईनं ठिपके परत आणले, पिल्लाच्या गालावर ते नीट दिसल्याची खात्री केली आणि गाडीची किल्ली उचलली. "काय झालं?" अमित ओरडला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

डी अँझा बुलेव्हार्डवर दुपारचं ऊन भाजत होतं. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. जिना चढताना तिच्या तोंडून देवाचं नाव निघत होतं, लहानपणीच्या सगळ्या देवांचं.

दार सासूबाईंनी उघडलं.

"आई, स्वानंदी कुठेय?"

"झोपलीये आतमधे. आज शाळेत पाठवलंच नाही मी. का गं? काय झालं?"

"आई, तिला तीट लावा. आत्ताच्या आत्ता. तुमची डबी कुठेय?"

सासूबाई जरा ओशाळल्या. "रागावू नकोस. तुझं ऐकलं नाही मी. सकाळीच लावलीये, चांगली ठसठशीत."

शैलजानं त्यांना मिठी मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तिला रडू फुटलं आणि सासूबाई गोंधळून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

मग ती आत गेली.

खोलीत ऊन आलं होतं. पडदा उघडा होता. स्वानंदी कुशीवर झोपली होती, डावा गाल वर.

गालावर काही नव्हतं.

काजळ पुसलं की पसरतं. करडा फराटा उरतो, कितीही धुतला तरी. शैलजानं ओणवून पाहिलं. फराटा नव्हता. शेजारच्या कातडीचा रंग उचलून अलगद भरावा तसा गाल स्वच्छ होता. असं काम तिला ओळखू येत होतं. ती स्वतः इतकं चांगलं करू शकली नसती.

स्वानंदीनं डोळे किलकिले केले. "ही क्लीन्ड इट, मम्मा," ती झोपेतच म्हणाली, आणि तिचा उजवा हात उशीवर उताणा पडला.

तळहात गुळगुळीत होता. त्यावर एकही रेषा नव्हती.

शैलजानं पांघरुणात हात घालून तिचा डावा हात शोधला, उघडून पाहिला. त्या हातावरच्या रेषा अजून होत्या. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत झाकून घेतला आणि खिडकीकडे पाठ करून बसून राहिली.