एक दात चुकला

फाल्गुनातली दुपार होती. आलापल्लीच्या पुढं, सिरोंच्याच्या रस्त्यावर दवाखान्याची मारुती व्हॅन एकाएकी गप्प झाली. चालवणारे कोलूभाऊ मेकॅनिक आणायला मागं गेले आणि चंदा नर्स पोलिओच्या डोसांची बर्फपेटी जवळ घेऊन सागाच्या सावलीत बसून राहिली. जिमलगट्ट्याच्या बाजारात बाया लेकरं घेऊन वाट पाहत असतील... बाजार उठायच्या आत पोचलं नाही, तर त्या आपापल्या वाटेनं निघून जातील. बर्फाचं तर पाणी होऊ लागलं होतं.

तेवढ्यात लाकडं भरलेला एक ट्रक थांबला. कोलूभाऊंच्या मागून एक सावळा, उंच तरुण उतरला. गळ्यात काळा दातेरी पट्टा, हारासारखा घातलेला. चंदाला हसू आलं. त्यानं ते पाहिलं — आणि घाईघाईनं पट्टा काढून हातात घेतला.

मुखरू त्याचं नाव. त्यानं पुढची सीट उचलली, झाकण खोललं. टायमिंगचा पट्टाच तुटला होता. आत दोन चाकं, एक वर, एक खाली. दोन्हींवरच्या खुणा जुळल्या की मगच पट्टा चढवायचा, असं त्यानं तिला समजावलं. कोलूभाऊंना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून वरचं चाक खुणेवर धरायला चंदाच बसली. मुखरू पोतं अंथरून गाडीखाली सरकला. फटीतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते... आणि तेलानं माखलेली बोटं, अगदी तिच्या बोटांजवळ.

वाऱ्यावर मोहाचा गोड वास होता. मधूनच पळसाचं एखादं फूल टपावर पडे. ही दुपार अशीच थांबली तर...? मग बर्फाची आठवण येऊन चंदा स्वतःवरच रागावली.

"एवढ्या जंगलात हा पट्टा भेटला कसा तुमाले?"

"दिवाळीतच नागपूरवरून आणून ठेवला."

"काऊन?"

"दर मंगळवारी ही गाडी माह्या दुकानासमोरून जाते. पाच वर्षांची गाडी. पट्टा कधीतरी जाईनच."

"गाडीच पाहत होते फक्त?"

फटीतले डोळे तिच्यावर थांबले... अंमळ जास्तच. मग त्यानं पान्यानं नट आवळला.

इंजिन सुरू झालं, पण हीव भरल्यासारखं थरथरू लागलं. चालेल एवढं, असं कोलूभाऊंचं मत पडलं. मुखरूनं मान हलवली. अशी गाडी वाटेत दगा देईल. पुन्हा खोलावी लागेल, आणखी अर्धा तास. चंदानं पेटी उघडून पाहिली. तळाशी थोडाच बर्फ उरला होता.

"चूक माही हाय, नर्सबाई," तो मान खाली घालून म्हणाला. "पट्टा एक दात चुकला. माहं ध्यान... वर होतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मंग आता खाली ठेवा," एवढंच म्हणून तिनं चाक पुन्हा खुणेवर धरलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं नजर पट्ट्यावरच ठेवली. त्यानं पान्यानं इंजिन दोन फेरे फिरवून पाहिलं. खुणा बरोबर जागेवर आल्या. किल्ली फिरताच गाडी एका लयीत बोलू लागली. तो परत निघणार, तोच चंदानं सुचवलं की बाजारापर्यंत सोबत असलेलं बरं. मुखरू मागं बसला, पेटीला ओलं पोतं गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून.

बाजार उठतच होता. अर्ध्या बाया वाटेला लागल्या होत्या. मुखरू धावत गेला आणि गोंडीत हाका मारत त्यांना माघारी घेऊन आला. शेवटच्या लेकरानं डोस घेऊन तोंड वाकडं केलं, तेव्हा सूर्य सागांमागं उतरला होता.

हापशावर चंदा हात धूत होती, मुखरू हापसत होता. तुमचं घर कुठं, त्यानं विचारलं. बल्लारपूरला, बाबा पेपर मिलमध्ये, रविवारी मी घरीच असते, तिनं सांगितलं.

"मंग रविवारी येऊ म्हणतो..." तो अडखळला. "पट्टा नीट बसला का, पाहाले."

"गाडी तर दवाखान्यात राह्यते."

हापशाचा दांडा वरच राहिला. चंदानं ओले हात पदराला पुसले आणि प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"बाबा सरळ माणूस हाय. त्यायले पट्ट्याचं नका सांगू. चंदाले मागाले आलो, म्हणा."