पांढरी पडलेली पावती

पावतीवर काहीच नव्हतं. ना नंबर, ना नाव, ना तारीख. नुसता पांढराफटक कागद. आणि तनुजा चौगुले नावाची बारा वर्षांची मुलगी म्हणत होती, की ही पावती मीच तिला दिली होती.

मी कुठं नाही म्हणतोय? मी नोंदक, डोंगराकडच्या बियाणे कोठीतला यंत्रमानव. लोक नोंदकराव म्हणतात आणि दिवसभर राबवून घेतात. महिन्यापूर्वी सौर वादळ (सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांचा मारा) आलं. त्यात नेटवर्क गेलं आणि माझी स्मृतीही पुसली गेली. कुणाचं बी कुठल्या पिशवीत, हे आता फक्त लोकांकडच्या पावत्यांवर आहे. पावत्या बघून बी परत देत एकोणीस दिवस मी या खिडकीत उभा आहे. गुडघा कुरकुरतो, पण सांगायचं कुणाला?

तनुजाच्या आईनं अकरा वर्षं खपून भाताचं नवं वाण तयार केलं होतं. पंधरा दिवस पुराच्या पाण्यात बुडालं तरी न कुजणारं. त्यातलं मूठभर बी कोठीत होतं, बाकी सगळं घरी. मग दरड कोसळली आणि घर, शेत, बी सगळं तिच्याखाली गेलं. तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडून असते, कुणाशी बोलत नाही. चार दिवसांत पेरलं नाही तर वर्ष वाया जाणार. आणि आत नऊ हजार पिशव्या, सगळ्या सारख्या, प्रत्येकीवर फक्त नंबर.

"मी जपून ठेवली होती हो, प्लास्टिकच्या पाकिटात," तनुजा म्हणाली. "घडीसुद्धा पडू दिली नाही." आणि रडायला लागली.

जपून ठेवली म्हणूनच गेली. पण हे रडणाऱ्या पोरीला कसं सांगणार? मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि कमरेचा वीतभर, पावत्या छापणारा प्रिंटर काढून दाखवला. त्याला वायर नाही. हातातल्या मोबाइलकडून तो रेडिओ लहरींवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या, हवेतून जाणाऱ्या लहरींवर) मजकूर घेतो. तिनं विचारलं, शाई कुठं भरता? शाई नाहीच, मी म्हटलं. शाई भरत बसलो असतो तर मेलोच असतो.

कागदावर दोन बिनरंगी भुकट्यांचा पातळ थर असतो. एक रंगाची, दुसरी रंग जागा करणारी. एरवी त्या शेजारी असूनही मिसळत नाहीत. प्रिंटरच्या तोंडाशी तीनशे चौऱ्याऐंशी बारीक ठिपके आहेत. अक्षर हवं तिथला ठिपका क्षणभर तापतो, तिथल्या भुकट्या वितळून एकमेकींत मिसळतात आणि काळा रंग उमटतो. याला औष्णिक छपाई (उष्णतेनं केलेली छपाई) म्हणतात. मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य मात्र हळूहळू कागदात झिरपतं आणि मिसळलेल्या भुकट्यांना पुन्हा वेगळं करतं. मग रंग जातो.

"म्हणजे नंबर गेला?"

रंग गेला. पण अक्षरांच्या जागचा थर एकदा वितळून बिघडलेला असतो, तो पुन्हा नीट काळा होत नाही. बाकीचा थर मात्र अजून कोरा आहे. सगळा कागद हलकेच तापवला तर काय होईल, मी विचारलं. तिनं डोळे पुसले, विचार केला आणि सावकाश म्हणाली, "बाकीचं काळं होईल. आणि नंबर पांढरा राहील."

हुशार पोर. माझ्या तळहातात पिशव्या बंद करायची तापणारी पट्टी आहे. साठ अंशांवर काही झालं नाही. सत्तरवर कागद राखाडी झाला. ऐंशीवर पांढरे आकडे वर आले, ४, २, ६. आणि तेवढ्यात माझा दमलेला हात तिथंच अडकला. शेवटचा आकडा करपला. १ असेल, नाहीतर ९.

अंदाजानं मला बी देता येत नाही. दुसरी पिशवी कुणातरी दुसऱ्याची असते. दाणे ओळखणारी एकच व्यक्ती होती. "आईला सांग, बी वाचलंय, पण ओळखायचं तिलाच आहे," मी म्हटलं.

"ती येणार नाही," तनुजा म्हणाली.

मलाही तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ती आली. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. मी दोन्ही पिशव्या उघडून पुढं ठेवल्या. पहिलीतले दाणे तिनं नुसते पाहिले आणि पिशवी सरकवली. दुसरीतला एक दाणा दाताखाली धरून फोडला. "हेच," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली. मागची रांग चुळबुळ करत होती, पण मी कुणाला बोलू दिलं नाही.

शेवटी तिनं निम्मे दाणे पदरात घेतले आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"हे ठेवून घ्या, नोंदकराव. पुढच्या वर्षाला लागंल." मग लेकीकडे वळली. "शेत तर गेलं. तरवा (रोपं वाढवायचा वाफा) कुठं टाकायचा गं?"

"शाळेमागं जागा आहे, आई. मी बाईंना विचारून ठेवलंय."

"मग चल," ती उठत म्हणाली. "आधीच उशीर झालाय."