रस्त्याखालचं दार

काठचा रस्ता नऊ फूट उचलला गेला, त्या वर्षी ओटिली रोल्फ्सच्या घराच्या वरच्या खिडकीचं दार झालं.

शहराला वाढायची भारी घाई. मिसिसिपी दर वसंतात दुकानांत शिरायची, पोती भिजवायची, म्हणून नगरपालिकेने रस्ताच वर न्यायचं ठरवलं. नदीत वाळू उपसायची बोट उभी राहिली. तळाची वाळू नळांतून रस्त्यावर येऊन पडायची, पाणी निथळून परत नदीला मिळायचं. महिन्याभरात भर तयार, वर विटांची फरसबंदी. ज्यांची घरं होती त्यांचे तळमजले तळघरं होऊन बसले. लोकांनी आठ दिवस बियरच्या टेबलावर नगरपालिकेचा उद्धार केला, मग निमूटपणे खिडक्या फोडून दारं बसवली आणि खालची जुनी दारं आतून विटांनी बंद केली.

ओटिलीने तिचं दार तसंच ठेवलं. गवंडी आला, त्याला तिने जिन्यातच अडवलं.

"कास्पार या दाराने गेलाय. परत यायचं म्हटलं तर यानेच येईल."

गवंड्याने टोपी काढली आणि विटांची गाडी पुढच्या घरी नेली. हसला नाही. तिच्या नवऱ्याचं, कास्पारचं, काय झालं ते सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी ओंडक्यांचा तराफा नेताना तो पुलाच्या खांबापाशी पाण्यात गेला आणि ओंडके त्याच्या डोक्यावर मिटले. प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणून थडगं नाही, आणि थडगं नाही म्हणून ओटिलीने विधवेचे काळे कपडे घातले नाहीत. लोकांच्या कॉलरींना इस्त्री करून ती पोट भरायची आणि वाट बघायची. दुसरं तिला काही करताच येत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी चारला, कॉफीच्या वेळी, पहिल्यांदा आवाज आला. शेजारची म्हातारी गेशेमावशी अलुबुखाराचा केक खायला आली होती. खालून, जमिनीच्या पोटातून, लोखंडावर चामडं घासल्याचा आवाज आला. दोनदा. जरा थांबून आणखी दोनदा.

ओटिलीने किटली खाली ठेवली. खालच्या दाराबाहेर बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी होती, ती आता वाळूखाली गाडली गेली होती. कास्पार रविवारच्या कॉफीला यायचा तेव्हा आधी उजवा बूट दोनदा, मग डावा दोनदा घासायचा. त्याशिवाय ती त्याला आत घेत नसे.

"वाळू बसतेय गं," गेशेमावशी म्हणाली. "आमच्याकडेही रात्रंदिवस करकर चालते."

"तुमच्याकडे दोनदा, मग परत दोनदा होते का मावशी?"

म्हातारीने कप खाली ठेवला. केकचा दुसरा तुकडाही घेतला नाही, आणि ते तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी खरवडल्यानंतर दारावर थाप पडली. ओटिली दिवा घेऊन खाली गेली. दाराला तळवा लावून तिने हाक मारली. थाप थांबली. पलीकडे कुणीतरी कान देऊन उभं आहे असं तिला वाटलं. तिचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. नदीतून आलेला माणूस कसा दिसतो ते काठच्या बाईला सांगावं लागत नाही. चार वर्षं जिची वाट बघितली त्या भेटीची तिला भीती वाटली, आणि या भित्रेपणाची अशी लाज वाटली की ती जिन्यावर बसून रडली.

असे सात रविवार गेले. सातही रविवारी तिने दार उघडलं नाही.

डिसेंबरात तिचा थोरला भाऊ हिन्रिक शेतावरून आला.

"ओटी, आपल्या बापाच्या या घराचा सौदा केलाय मी. धान्याचा व्यापारी आहे, वखार करणार. सोमवारी माणसं येऊन तळघर दगडमातीने भरतील. तू माझ्याबरोबर चल."

"आणि कास्पार?"

"अगं, किती दिवस हा खुळेपणा? तो नदीत आहे!"

"त्याच नदीची वाळू आणून टाकलीय ना माझ्या दारात?" ओटिली म्हणाली. "मग?"

हिन्रिकने टोपी घातली. उठून तो घोड्याला दाणा घालायला गेला.

शेवटचा रविवार आला. तिने दोन कप मांडले. चार वाजले.

काहीच आवाज आला नाही.

सव्वाचार झाले. साडेचार. कॉफीवर साय धरली. तो कंटाळून गेला, असं तिला वाटलं. भीती कुठल्या कुठे गेली. ती दिवा घेऊन जवळजवळ धावतच खाली उतरली आणि तिने कडी काढली.

दार आत उघडलं.

वाळू ढासळली नाही. चौकटीएवढी करडी भिंत सरळ उभी राहिली. कास्पार नव्हता.

भिंतीत एक पोकळी होती, उभ्या माणसाच्या आकाराची. ओटिलीने दिवा वर धरला. कास्पार सहा फुटांचा होता. ही पोकळी त्याच्या खांद्यालाही लागली नसती.

खाली ती घेरदार होती, घागऱ्यासारखी. कमरेशी अरुंद. मानेच्या मागे तिच्या अंबाड्याएवढी खोलगट जागा.

डावा हात कोपरात वाकलेला होता. रविवारी कॉफीनंतर नवऱ्याच्या हातात हात अडकवून बायका नदीवर फिरायला निघतात, तसा.

वरून हिन्रिकने हाक मारली. तिने ओ दिली नाही. दिवा पायरीवर ठेवून तिने आपला हात त्या हाताच्या जागी घातला. बोटांच्या टोकांपर्यंत तो नेमका बसला.

शेवटाला वाळू ओली होती, आणि कोमट.

मग ती तिच्या बोटांभोवती हळूच मिटली.