१४५८ सालातला पाथरवट

चित्राला १४५८ साल मिळालं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, उन्मेषने, सगळ्या सोसायटीत पेढे वाटले होते. आता त्या सालाचं नुसतं नाव निघालं तरी त्याच्या कपाळाची शीर तडतडायची.

शिलावाचनाचा शोध लागल्यापासून इतिहास खात्याने एकेक वर्ष एकेका शास्त्रज्ञाच्या हवाली केलं होतं. त्यांना वर्षपाल म्हणत. काळ्या पाषाणावर पडलेला उजेड आणि आवाज त्याच्या स्फटिकांत थरावर थर साठत जातो. ठरावीक किरण सोडला की एक थर जागा होतो आणि त्या वेळी जे घडलं ते थेट वाचणाऱ्याच्या मेंदूत उमटतं. मात्र जागा झालेला थर तिथल्या तिथे पुसला जातो. दुसऱ्यांदा कुणालाच काही दिसत नाही.

"म्हणजे तू सांगशील तेच खरं?" उन्मेषने सुरुवातीला विचारलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान; हे सगळं त्याला जादूटोण्यासारखं वाटे.

"म्हणून तर आम्हाला शपथ घ्यावी लागते," चित्रा म्हणाली.

तिच्या वाट्याला एका बारवेतली, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतली, शिळा आली. त्या गावातले वर्षभराचे जन्म, मृत्यू आणि ठळक घटना नोंदायच्या. पाटलाला नातू झाला, वाण्याची आई गेली, वाघाने दोन गाई नेल्या. जेवताना ती सांगायची आणि उन्मेष मजेत ऐकायचा.

मग नागदेव आला. हा पाथरवट शिळेच्या कडेने वेल कोरत होता. कोरणारा दगडाकडेच बघणार, आणि चित्रा तर दगडाच्या आतून बघत होती. झालं! सहाशे वर्षांपूर्वीचा तो बाप्या दिवसभर हिच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेला.

"आज त्याच्या भुवईला दगडाची कपची लागली रे," ती एकदा म्हणाली.

"मग मलम लावून यायचं होतंस."

"मेलेल्या माणसावर जळतोस?"

"मेलाय कुठे? रोज आपल्या ताटाशी येऊन बसतो."

जळतच होता तो, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. इतकं निरखून तिने आपल्याकडे कधी पाहिलं होतं, हे त्याला आठवेना.

अखेर शिळेत एकच थर उरला. त्यापुढे दगड अंधारात गेला होता. बहुधा बारव ढासळली असावी. भिंत कलली म्हणून बाकीचे लोक निघून गेले होते, पण नागदेव काम सोडायला तयार नव्हता.

"मला नाही बघवणार," चित्रा म्हणाली. "तू बघशील? मी खात्याची परवानगी काढते. जे दिसेल ते सांग, लपवू नकोस."

उन्मेष यंत्रात बसला. भिंत खाली आली. दगडाखाली सापडलेला नागदेव शिळेकडे तोंड करून पडला होता. त्याचे ओठ हलत होते आणि डोळे थेट उन्मेषकडे लागले होते. मग ओठ हलायचे थांबले. उन्मेषला भडभडून आलं. तो बाहेर आला तेव्हा खरं तेच सांगणार होता.

दारात चित्रा उभी होती. रडवेली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेली. आपल्यासाठी ही अशी कधी ताटकळली नाही, एवढंच त्याच्या मनात आलं आणि जिभेवर भलतंच आलं.

"भिंत पडली. पण तो त्याआधीच गेला होता. पाणी भरायला यायची ना ती लखाई, तिच्याबरोबर पळून."

आता ही नागदेवाला शिव्या घालील, अशी त्याची खात्री होती. चित्रा खाली बसली, ओक्साबोक्शी रडली आणि रडता रडता हसायला लागली.

"म्हणजे वाचला तो," ती म्हणाली.

मृत्यूंच्या रकान्यात नागदेवाचं नाव चढलं नाही. चित्रा घरभर गुणगुणत फिरू लागली. उन्मेषला मात्र डोळे मिटले की दगडाखालचा तो चेहरा दिसे. शेवटी त्याला राहवेना.

"चित्रा, मी खोटं बोललो. तो तिथेच मेला. मी बघितलंय."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, अगदी मायेने.

"अजून जळतोस रे तू," ती म्हणाली, आणि १४५९च्या वर्षपालांना फोन लावून विचारू लागली, "तुमच्याकडे कुणी नागदेव नावाचा पाथरवट आलाय का हो?"