पहिला नकार

पोस्टर उलटं लागलं होतं, आणि शिडीवरच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"लाला, हे वाचायचं कसं? डोक्यावर उभं राहून?"

खाली एक मुलगी निथळत उभी होती. हँबुर्गचा पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. छत्री होती, तरी ती भिजली होतीच.

"मला दारी भाषा वाचता येत नाही," इद्रीस म्हणाला. "जन्म इथलाच. बोलता येतं... थोडं भांडताही येतं."

"मग यावर काय लिहिलंय हे माहीत नसताना लावतोयस?"

"मी स्वयंसेवक आहे."

ती हसली. तिचं नाव नीलाब. हेरातहून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. आमच्या अफगाण चित्रपट महोत्सवात तेव्हा एकोणीस स्वयंसेवक होते. त्यातले सतरा अध्यक्ष होते. उरलेली दोघं काम करत.

काम असं — जुन्या चित्रपटांना पडद्याखाली जर्मन ओळी नव्हत्या. सभागृहामागच्या खोलीत बसून तिनं दारी वाक्य सांगायचं, त्यानं त्याचं जर्मन करायचं. मध्ये एक लॅपटॉप, हिरव्या चहाची किटली आणि दोन माणसांना पुरेल इतकंच टेबल.

"'तुझ्याविना हा जीव कशाला' — हे जर्मनमध्ये कसं म्हणतात?"

"जर्मनमध्ये कोणी असं बोलत नाही."

"मग काय बोलतात?"

"'शनिवारी वेळ आहे का?'"

"...आहे," नीलाब म्हणाली, आणि बराच वेळ एकच ओळ टाइप करत राहिली.

लाला म्हणजे मोठा भाऊ. दुसऱ्या आठवड्यात तिनं हा शब्द सोडला. कोणता चित्रपट कधी दाखवायचा हे ठरायला आम्हाला दोन महिने लागले, पण ही गोष्ट सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळली.

महोत्सवाला अठरा दिवस उरले असताना इद्रीसनं आपल्या आईला, सोहैलाबाईंना, नीलाबच्या घरी मागणी घालायला पाठवलं. या बाई पस्तीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्स. वेळेच्या इतक्या पक्क्या, की घंटा वाजवण्याआधी चार मिनिटं जिन्यात थांबल्या.

नीलाबचे वडील करीमदाद मुअल्लिम हेरातला भूगोल शिकवायचे. त्यांनी चहा दिला, बदाम पुढे केले, आणि म्हणाले, "आमची मुलगी अजून लहान आहे."

मुलगी सत्तावीस वर्षांची होती.

आता आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या वेळी बाप नकारच देतो. लगेच हो म्हणाला, तर पोर जड झाली होती असं लोक म्हणतील. मुलाकडच्यांनी पुन्हा यायचं, तिसऱ्यांदा यायचं, उंबऱ्यावर जोडे झिजवायचे; मग मुलीकडून मिठाईचं ताट बाहेर येतं. ते ताट म्हणजे शब्द. तो मागे घेता येत नाही.

सोहैलाबाई म्हणाल्या, "तुमच्या मताचा मी आदर करते." घरी येऊन त्यांनी ट्यूलिपचं चित्र असलेलं एक आभारपत्रही टाकलं. पस्तीस वर्षांत त्या हा एवढाच रिवाज विसरल्या होत्या.

इद्रीसनंही आदर केला. तो फार सभ्य मुलगा. त्यानं मागच्या खोलीतलं काम सोडून खुर्च्यांचं काम मागून घेतलं. नीलाब एकटी ओळी लिहीत राहिली... दारावर टकटक झाली की मान वर करायची. अकरा दिवस तिनं मान वर केली. बाराव्या दिवशी टोरांटोहून एका दूरच्या नातलगाचा मागणीचा फोन आला — तिसरा.

महोत्सव छान झाला, असं सगळे अध्यक्ष म्हणाले. शेवटच्या दुपारी काबूलचा एक रस्ता पडद्यावर आला, तेव्हा एक म्हातारे उभे राहून "हे माझं दुकान!" म्हणून ओरडले आणि खाली बसायचं विसरले. मागच्यांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

त्याच अंधारात खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत इद्रीस नीलाबला म्हणाला, "अभिनंदन. टोरांटोचं कळलं."

"तुम्ही पुन्हा का नाही आलात?"

"कुठे?"

"घरी! अब्बांनी दुसऱ्या दिवशीच केक आणून ठेवला होता. चार दिवस कोणाला हात लावू दिला नाही."

"पण... ते नाही म्हणाले."

रागाचं बरंच काही तिनं पाठ करून आणलं होतं. ते एकदम निरुपयोगी झालं.

"तुला खरंच माहीत नव्हतं?"

"मला एक शब्द विचारला असतास तर —"

"मी काय विचारणार? 'मला मागायला परत या' म्हणून? मला वाटलं, तुझं मन फिरलं. पत्र आलं ना... ट्यूलिपचं. मग मीच हो म्हटलं, इद्रीस. कोणी जबरदस्ती नाही केली. ताट गेलं गुरुवारी."

"मी आत्ता आईला घेऊन येतो."

"ये," ती म्हणाली. "अब्बा चहा देतील. आणि या वेळी खरं सांगतील."

तरी तो गेलाच, संध्याकाळी, आईला घेऊन. मुअल्लिमसाहेबांनी दार उघडलं आणि सोहैलाबाईंना पाहून त्यांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. चहा नीलाबनंच आणला. मुअल्लिमसाहेब बहिणीला म्हणावं तसं हळू आवाजात म्हणाले, "हमशीरा, तुम्ही फार उशीर केलात हो." आणि एवढं बोलून चष्मा पुसत बसले.

जिना उतरताना इद्रीस एकेका पायरीवर थांबत होता. सोहैलाबाई मात्र ताठ चालत होत्या. नकार खरा मानण्याची चूक त्या दुसऱ्यांदा करणार नव्हत्या. खाली पोचल्यावर त्यांनी पर्समधून डायरी काढली, पेन उघडलं आणि विचारलं,

"मग बेटा, तिसऱ्यांदा कधी यायचं?"