रिकामा डावा हात

वस्तादांचा वस्तरा आणायला मी गेलो, तो रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. पिशवी घेऊन भाजीला निघालो होतो, जाता जाता तेही काम उरकून घेऊ म्हटलं. इतकं साधं काम होतं ते.

वस्ताद म्हणजे आमच्या बाबांची दाढी करणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलंच नाही. एक दिवसाआड सकाळी सातला यायचे, फेस करायचे, एक हात पाठीशी ठेवून गप्पा मारत मारत वस्तरा फिरवायचे आणि चहा संपायच्या आत बाबांचे गाल गुळगुळीत करून निघून जायचे. तीस वर्षं हा क्रम चालला. मधे बाबांना झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा गाल खाली लोंबू लागला. तरी वस्तादांच्या हाताला काही फरक पडला नाही.

फरक पडला तो वस्ताद गेल्यावर. लोंबणाऱ्या गालाची दाढी करून बघा म्हणजे कळेल. सैल कातडी पात्यापुढे गोळा होते आणि पातं तिच्यात रुततं. मी साध्या रेझरने दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा उशीचा अभ्रा रक्ताने भरला. दाढीच्या मशीनचा नुसता आवाज ऐकला तरी बाबा थरथर कापायचे. शेवटी दाढी तशीच वाढू दिली. तोंडातून गळणारी लाळ केसांत साचू लागली, खाली कातडी सोलवटून जखमा झाल्या. जो माणूस दाढी केल्याशिवाय दारात पेपर घ्यायलासुद्धा जात नसे, तो कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड फिरवून घेऊ लागला. ते मला बघवेना. म्हणून ठरवलं, वस्तरा आपणच शिकायचा.

मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत आरेखक आहे. वीस वर्षं शाईने रेघा ओढतोय. माझा हात स्थिर आहे, याची मला थोडी घमेंडच होती.

वस्तादांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कपाटाच्या तळातून एक डबा काढला. त्यात वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि धारेचा दगड होता. डबा हातात देण्याआधी त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुझे दोन्ही हात चालतात ना रे?"

मला हसू आलं. "चालतात की काकू. रोज ऑफिसात त्यांच्यावरच पोट भरतो."

"मग ठीक. एक सांगते, दाढी करताना डावा हात रिकामा ठेवायचा नाही. उजव्यात वस्तरा, डाव्याने कातडी ताणून धरायची. फोन वाजो, दार वाजो. डावा हात गालावरून काढायचा झालाच, तर आधी वस्तरा मिटायचा."

शिकवणीतला पहिला धडा असावा, असं समजून मी मान डोलावली आणि पिशवीत डबा टाकून भाजी घ्यायला गेलो.

शिकायला सुरुवात केली ती फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता फेस काढायचा. पहिल्या आठवड्यात अकरा फुगे फुटले. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, वाढदिवस कुणाचा आहे ते तरी सांगा!" पट्ट्यावर धार लावताना वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे राहायला हवी, वळवताना तो पाठीवर वळवायचा. मी घाईत धारेवर वळवला आणि चामड्याला चांगली बोटभर चीर पाडली. वीस वर्षांची घमेंड त्या चिरेत गेली म्हणायची.

मग स्वतःचा गाल. रोज सकाळी, भर उजेडात, खिडकीशी आरसा टांगून. सुरुवातीला कानाखालून फक्त दोन बोटं रुंदीची पट्टी करायची, बाकी दाढी नेहमीच्या रेझरने. पातं फार उभं धरलं तर खरवडतं, फार आडवं धरलं तर केस ओढतं. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने न्यायचं. आणि कातडी ताणायची. सगळं कसब त्या ताणण्यात आहे, हे मला तिसऱ्या दिवशी तुरटी लावताना कळलं. जिथे जिथे ताणायला विसरलो होतो, तिथे तिथे झोंबत होतं.

दोन आठवडे झाले असतील. पातं गालाच्या मध्यावर होतं आणि फोन वाजला. ऑफिसातून साहेबांचा. मी डाव्या हाताने फोन उचलून कानाला लावला, "हो सर, सोमवारी देतो," म्हणालो आणि बोलता बोलता उजवा हात तसाच खाली आणला. पातं सुरेख सरकलं. केस कापले जाताना होणारा तो बारीक चरचर आवाज, बस्स. कुठे अडलं नाही, ओढलं नाही.

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. डावा हात तर फोनवर होता.

आरशात पाहिलं. जबड्याच्या हाडापाशी कातडीला दोन खळगे पडले होते. दोन बोटं दाबून कातडी मागे ओढली की पडतात ना, तसे. आतून पांढरे. मी पाहत असतानाच ते हळूहळू भरून आले आणि त्यात रंग परतला.

आता तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी वस्तरा फेकून द्यायचा. मलाही आज तेच वाटतं. पण खरं सांगू? मला भीती वाटली ती मिनिटभर. नंतर डोळे भरून आले. वाटलं, वस्तादच आहेत. बाबांच्या काळजीने आलेत, मला शिकवताहेत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डावा हात पाठीशी ठेवला. बोटं आली. थंड, कोरडी, सफाईदार. मी पातं जिथे न्यायचं मनात आणायचो, तिथली कातडी आधीच ताणलेली असायची. आठवड्याभरात माझी दाढी इतकी साफ होऊ लागली की बायकोने गालावरून हात फिरवून म्हटलं, "शिकलात हो अखेर!" मी तिला काही बोललो नाही. लबाडी होती ती. मी काहीच शिकलो नव्हतो. डावा हात कसा वापरायचा हे मला आजही येत नाही.

महिन्याने बाबांना खुर्चीत बसवलं. सकाळची वेळ, खोलीत ऊन आलेलं, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या. गरम टॉवेलने दाढी मऊ केली, जखमा वाचवत फेस लावला. बाबांची नजर माझ्या हातातल्या वस्तऱ्यावर होती. ती धास्तावलेली नव्हती. मी डावा हात पाठीशी नेला आणि वाट पाहिली.

लोंबणाऱ्या गालावर दोन खळगे पडले. गाल वर गेला, ताणला गेला. कित्येक महिन्यांनी बाबांचा चेहरा दोन्हीकडून सारखा दिसला. मी पातं टेकवलं. एक ओढ, दुसरी, तिसरी... रक्ताचा थेंब नाही. बाबांनी सुखाने डोळे मिटले. मला तर रडूच येत होतं.

दोन्ही गाल झाले. हनुवटी झाली. मग गळ्याकडे वळलो.

बोटं हनुवटीखाली गेली. बाबांचं डोकं मागे झालं. तेवढं लागतंच. मी गळ्याच्या वरच्या कडेला पातं टेकवलं. डोकं आणखी मागे गेलं. मला वाटलं, आता पुरे. ते थांबलं नाही. गळ्याची घाटी वर आली, कातडी इतकी ताणली गेली की खालची निळी शीर उडताना दिसू लागली. बाबांनी डोळे उघडले.

"बस..." मी हळूच म्हणालो. "बस, एवढंच."

मी हात थांबवला. अगदी स्थिर धरला. आयुष्यभर रेघ मारताना धरला नसेल इतका स्थिर. तरीही तो चरचर आवाज आला. वस्तरा हलत नव्हता. पात्याखालून कातडीच वर सरकत होती... सावकाश... केसभर, मग आणखी केसभर.

"वस्ताद... नका..."

फेसात एक लाल रेघ उमटली. मी डावा हात पुढे करून ती बोटं ढकलायला गेलो. बाबांच्या हनुवटीखाली माझ्या हाताला जागाच मिळेना. तिथे आधीच कुणाचीतरी मूठ होती. हाडं लागली मला. फेसाने निसरडी झालेली, बर्फासारखी गार हाडं. मी किंचाळलो, वस्तरा मागे खेचला आणि मिटला. पातं मिटल्याबरोबर बाबांचं डोकं धप्पकन पुढे आलं.

जखम वरवरची होती. तुरटीने रक्त थांबलं. बायकोला बाबांजवळ बसवून मी डबा उचलला आणि थेट काकूंकडे गेलो.

त्या पोळ्या लाटत होत्या. मी सगळं सांगितलं. "वस्तादांना काय हवंय काकू? बाबांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं?"

काकूंचं लाटणं थांबलं. "ते वस्ताद नाहीत रे."

"मग?"

"त्यांच्या डाव्या हाताला जीवच नव्हता. लहानपणी यंत्रात सापडला होता. तो नेहमी पाठीशी नाहीतर खिशात. तीस वर्षं पाहिलंस ना, कधी त्यांनी बाबांच्या गालाला डावा हात लावलेला आठवतोय?"

मी आठवू लागलो. आठवेना.

"मग गाल कोण ताणायचं?" मी विचारलं.

काकूंनी हाताचं पीठ झटकलं. "मीही विचारलं होतं. म्हणायचे, सोय झालीय... एवढंच. पुढे बोलायचे नाहीत. म्हातारपणी उजवा हात कापायला लागला, तेव्हा म्हणाले की आता बंद करतो. तुझ्या बाबांची केली ती शेवटची, यापुढे कुणाची नाही. त्यानंतर चार दिवसांनी आरशासमोर खुर्चीत सापडले. मान मागे. डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं. अंगावर ओरखडा नव्हता. पण ती मान... शेवटपर्यंत सरळ करता आली नाही आम्हाला."

"आणि हे माहीत असून मला दिलात?" मी ओरडलोच.

"जागा भरलेली असली की ते येत नाही. मी तुला सांगितलं होतं की नाही? दोन्ही हातांचा माणूस असं करेल, हे माझ्या मनात नाही आलं." त्या डोळे पुसत होत्या. मी डबा ओट्यावर ठेवला. तो त्यांनी माझ्याकडे सरकवलाही नाही आणि उचललाही नाही. "ठेव हवा तर. त्या लोखंडात काही नाही आता. ज्याचा गाल धरायची सवय लागली, ते त्यालाच धरतं."

मला वाटलं, त्या माझ्याबद्दलच बोलताहेत. घरी येताना मनाशी पक्कं केलं की यापुढे स्वतःही दाढी करायची नाही. माझं काय व्हायचं ते होवो, बाबा तरी सुटले.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मला काही होत नाही. माझी दाढी वाढलीय, आरशात पाहिलं तर गाल माझा मलाच दिसतो.

बाबांचा गाल मात्र आता लोंबत नाही. डॉक्टर तपासून गेले, म्हणाले, स्नायूंत ताकद येतेय, फारच चांगली लक्षणं आहेत. बायकोने आनंदाने सगळ्यांना फोन केले. त्या गालावर पडलेले दोन खळगे मी तिला दाखवले तर म्हणाली, म्हाताऱ्या माणसाची हाडं दिसायचीच. रात्रंदिवस ते तिथेच असतात. भरून येत नाहीत. गेल्या आठवड्यात बाबांची उशी काढावी लागली, कारण डोकं तिच्यावर टेकतच नाही, मागे जातं. मी शेजारी बसून दोन्ही हातांनी ते पुढे धरून ठेवतो. हात भरून येतात, सुटतात. मीच हे या घरात आणलं, माझ्या ऐदीपणाने, आणि आता कुणाला पटवून देऊ?

परवापासून बाबा बोलायला लागलेत. दोनच शब्द, पण अगदी स्पष्ट. रोज सकाळी सातला डोळे उघडतात, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे पाहतात आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक विचारतं तसं विचारतात,

"झालं का?"

मग क्षणभर कान देऊन ऐकतात... आणि आपणहून हनुवटी आणखी थोडी वर करतात.