बसायची जागा

नव्या मॅनेजरला ती पहिल्यांदा दिसली, ती पायांकडून.

बुटांच्या दुकानाच्या गोदामात तो बेचाळीस नंबरचा काळा जोड शोधत होता. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं. आणि खोक्यांच्या थप्पीआड भिंतीला टेकवलेले दोन पाय! पँट गुडघ्यापर्यंत घसरलेली, पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांची वेटोळी.

"कोण आहे?"

"काउंटर तीन," जमिनीवरून आवाज आला. "डोकं इकडं आहे, सर."

"हे काय चाललंय?"

"जेवणाची सुट्टी. पाय वर केले की ठसठस उतरते. दहा मिनिटं राहिलीत."

त्याने घड्याळ पाहिलं. "आठ," म्हणाला आणि जोड घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तिथं चटई होती, आणि गोदामाच्या दाराला आतून नवी कडी.

दुकानात बसायला बावीस खुर्च्या, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या. नोकरांनी दहा तास उभं राहायचं. सहा वर्षं ती लोकांच्या पायांशी गुडघे टेकत आली होती. टाच कुठून झिजलीय यावरून माणूस चिक्कू की हट्टी, हे ती सांगायची. स्वतःचे पाय मात्र तिने कुणाला दाखवले नव्हते. आईच्याही अशाच शिरा. घोट्याजवळची जखम चार वर्षं सुकत नव्हती, आणि आईचं जग खाटेएवढं उरलं होतं.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. दुकान सुटलं की ती बसचे दोन थांबे चालत जाई. आठवडाभरात मॅनेजरही तिच्यासोबत चालू लागला.

"तुम्हाला काय झालंय, सर?"

"पोट सुटलंय."

"कुठंय? दिसत नाही ते…"

"तुम्ही बघता ना, म्हणून आत घेतलंय!"

ती हसली, आणि पाऊल जरा आखडतं घेतलं. थांबा लवकर येऊ नये म्हणून.

एका रात्री चालताना तो म्हणाला, "दुसऱ्या शाखेत बिलाची जागा रिकामी झालीय. बसून काम. अर्ज करा."

दुसरी शाखा म्हणजे दुसरं गाव. बसने अडीच तास.

"नको. मला बरं वाटतंय हल्ली," ती म्हणाली.

बरं वाटत नव्हतं. तेव्हापासून ती उपचारांच्या मागे हात धुऊन लागली. मावशी म्हणाली व्हिनेगर लाव, तिने लावलं. तेल खालून वर चोळलं, मीठ कमी केलं, पायाखाली दोन उशा घेतल्या, आणि अंथरुणातून उठायच्या आधीच घट्ट मोजे चढवू लागली.

"एवढी कसली गं घाई बरं व्हायची?" आईने विचारलं.

"बदली नकोय मला."

आईने खाटेवरून मान वर केली. "कोण आहे?" एवढंच म्हणाली.

उपायांनी सूज उतरली, रात्रीचे गोळे थांबले. पण दिवसाचे दहा तास तिच्या वाट्याचं उभं राहायला ना व्हिनेगर येणार होतं, ना उशा. हिवाळ्यात घोट्याजवळची कातडी तपकिरी पडून खाजू लागली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "आईचं असंच सुरू झालं होतं. उभं राहणं सोडा."

तिने कुणाला सांगितलं नाही. मोजे तेवढे वर ओढले.

शनिवारी दुकान गच्च भरलेलं असताना मॅनेजरने तिच्या हातात कागद ठेवला. बदलीचा.

"मी अर्ज केला नव्हता."

"मी शिफारस केली."

"इतका कंटाळा आला माझा?" तिने कागद परत त्याच्यापुढे धरला. "मी इथं कशासाठी उभी राहते… एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं."

"मग?"

"तुम्ही उभ्या-उभ्या बुटाने घोटा खाजवता. वाकता तेव्हा मोजा खाली येतो, तो डाग दिसतो मला. महिन्याभरात दुप्पट झालाय." तो हळू बोलत होता, तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. "मलाही तू इथंच हवीयस गं… पण या भावात नको."

आणि त्याने गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली. "बस."

ती बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. माप घ्यायचं स्टूल त्याने तिच्या पायांखाली सरकवलं आणि समोर गुडघे टेकले. काउंटरवरच्या मुली खोकी हातात धरून तशाच थिजल्या.

"तिकडं सुट्टी कधी असते?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

इथली सोमवारी. दोन्ही दुकानं रात्री नऊला बंद होत, आणि शेवटची बस साडेआठला सुटे. तिने मनातल्या मनात दोनदा जुळवून पाहिलं. जुळेना.

"तिकडं नुसती बसून राहू नकोस," तो म्हणाला. "तेही वाईट. दर तासाला उठायचं, पाच मिनिटं चालायचं. मी फोनवर आठवण करून देईन."

"दर तासाला?"

"दर तासाला."

"किती दिवस कराल?"

त्याने आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला खोटं माप सांगितलं नव्हतं. आकडा न सांगता त्याने तिचा घसरलेला मोजा घोट्यावर नीट ओढला.